पुराच्या कवितेत संदेश कुठे ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका तरुण कवीने पंचगंगेच्या पुरावर कविता लिहिली. संमेलनात टाळ्या पडल्या, पण एका जाणत्याने 'ही कविता नव्हे, भाषण आहे' असं सुनावलं. मग त्याने ती सजवली, प्रतिमा घातल्या. तेव्हा मित्र म्हणाले, 'छान आहे रे, पण म्हणायचंय काय?' आता तो विचारतो की सौंदर्य आधी की संदेश आधी. आणि पुराचीच चित्रं काढणाऱ्या त्याच्या मित्राला हेच लागू होतं का? त्याच्या मूळ ओळी अशा:

हे मानवा, जागा हो, निसर्ग आज कोपला
तुझ्याच लोभापायी हा महापूर लोटला
आसवांच्या महापुरी संसार वाहून गेले
माणुसकीचे दीप सारे अंधारात विझून गेले

वादाकडे नंतर येऊ, आधी या चार ओळी बघू. यात पंचगंगा कुठेच नाही. गोदावरी घाला, ब्रह्मपुत्रा घाला, काही बिघडत नाही. 'हे मानवा' ही हाक सभागृहात कुणालाच लागू होत नाही, कारण समोर बसलेला प्रत्येक जण 'मानव' म्हणजे शेजारच्या खुर्चीतला असं धरून चालतो. 'महापूर' दोनदा आलाय, आणि दुसऱ्यांदा तो आसवांचा झालाय. पुराच्या कवितेत आसवांना पुराची उपमा दिली की खरा पूरच पातळ होतो. दीप आणि अंधार तर तयार मिळणारा माल. चार ओळींत डोळ्यांना दिसावी अशी एकही वस्तू नाही, सगळी मतं आहेत. टाळ्या पडल्या त्या मतांना पडल्या. ऐकणाऱ्याला जे आधीच पटलेलं असतं ते यमकात परत ऐकलं की टाळी पडतेच. तिच्यावरून कवितेचा अंदाज बांधू नका.

आता संदेश वेगळा काढून साध्या गद्य वाक्यात लिहा: 'माणसाच्या लोभामुळे पूर आला.' हे वाक्य ऐकून कोण उठून जाईल? कुणीच नाही. ज्या वाक्याला कुणाचाच विरोध नाही त्याच्यावर कविता लिहिली की ती घोषणेकडेच झुकते, कारण तिला सोडवायला गाठच नसते. म्हणून आधी संदेश धारदार करा, सजावट नंतर. नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात: साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नसतं. मग तुमचं वाक्य असं होऊ शकतं: 'निळ्या रेषेच्या आत भराव पडले, प्लॉट पाडले गेले, आणि ते आपल्यातल्याच कुणीतरी विकत घेतले.' आता सभागृहात दोन-चार जण खुर्चीत सावरून बसतील. असं वाक्य मिळाल्याशिवाय कवितेला हात घालू नका. मिळालं की ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. ते कवितेत जसंच्या तसं यायचं नाही.

पुढचं काम सामग्री गोळा करण्याचं. इथे कोल्हापूरकराला फुकटात मिळालेली एक गोष्ट आहे: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजले जाणारे पाण्याचे फूट. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये इथे माणूस भेटला की 'पाणी किती फुटांवर?' हेच विचारतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या घराला 'त्रेचाळीस' हा आकडा नुसता ऐकून पोटात गोळा येतो. म्हणजे ज्या भीतीसाठी तुम्ही 'भीषण', 'रौद्र', 'हृदयद्रावक' अशी विशेषणं शोधत होता, ती भीती या आकड्यात आधीच भरलेली आहे. बाहेरच्या वाचकालाही दोन आकडे एकापाठोपाठ आले की पाणी चढतंय एवढं कळतं. आता हे वाचा:

पाणी एकोणचाळीस फुटांवर होतं तेव्हा
आईनं पेंडीचं पोतं माळ्यावर ठेवलं.
पलीकडच्या प्लॉटात फलक तेवढा वर दिसत होता:
नदीकाठी शांत घर. बुकिंग सुरू.
त्रेचाळीसला दावी सोडली.
म्हशी उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या;
धारेची वेळ झाली होती.

हा नमुना आहे, उतरवून घेऊ नका. पण यात काय कुठे बसलंय ते पाहा. एकही उपमा नाही, 'लोभ' हा शब्द नाही, 'मानव' नाही. निळ्या रेषेच्या आतला प्लॉट आहे, पण तो बिल्डरच्या स्वतःच्या फलकानेच बोलतो. कवीने त्यावर शेरा मारलेला नाही, आणि मारायची गरजही उरलेली नाही. सौंदर्य म्हणाल तर ते शेवटच्या दोन ओळींत आहे: दावी सोडल्यावर जनावर पळेल असं वाटतं, आणि ते मात्र रोजच्या सवयीने धारेला उभं राहतं. मर्ढेकरांनी कलेतल्या लयीची तीन तत्त्वं सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल. त्यातला विरोध इथे कामाला आलाय: चढतं पाणी आणि ठरलेली वेळ. दोन्ही खरं आहे, म्हणून तो विरोध बनवलेला वाटत नाही.

ओळींचा क्रमही बघा, कारण बहुतेक कविता इथेच फसतात. फलकाच्या दोन ओळी शेवटी नेऊन पाहा. लगेच हशा येईल, टाळीही येईल, आणि म्हशी विसरल्या जातील. कविता चुटक्यासारखी संपेल. टोमणा मधे ठेवला की तो जाता जाता लागतो आणि ऐकणारा पुढे गेल्यावर त्याला पुन्हा आठवतो. संदेशाची ओळ शेवटी ठेवण्याची सवय आपल्याला शाळेतल्या 'तात्पर्य'ने लावलीय. ती मोडायला एक उपाय चांगला: कविता झाली की शेवटच्या दोन ओळी झाकून वाचा. कविता उभी राहिली तर त्या ओळी काढून टाका. कोसळली तर त्या ओळींचा भार वरच्या ओळींनी उचललेलाच नाही, असं समजा आणि वर काम करा.

आता वादाकडे. आपल्याकडे याचं सगळ्यात व्यवहारी उत्तर संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात देऊन ठेवलंय. उपदेशाच्या तीन तऱ्हा त्याने मानल्या. वेदासारखा प्रभुसंमित, म्हणजे मालकाचा हुकूम. पुराण-इतिहासासारखा सुहृत्संमित, म्हणजे मित्राचा सल्ला. आणि काव्याचा कान्तासंमित, म्हणजे प्रेमाच्या माणसाने असं काही बोलावं की आपलं मन आपोआप तिकडे वळावं. आजच्या वाचकाला ही उपमा जुनाट वाटेल, पण तीत एक मोलाची कबुली आहे: काव्यात उपदेश असतो, फक्त तो रसाच्या वाटेने पोचतो. तुमचं 'हे मानवा, जागा हो' हे प्रभुसंमित झालं. हुकूम सोडायला कवितेची गरज नसते, जिल्हाधिकाऱ्यांचं परिपत्रक पुरतं.

'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा गाजलेला मराठी वाद तर कोल्हापूरला घरचाच. कलावादी म्हणून ओळखले जाणारे ना. सी. फडके इथे राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि जीवनवादी म्हणवले जाणारे वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून इथेच राहायला आले. या वादातून तरुण लेखकाने एकच गोष्ट उचलावी, ती म्हणजे पाट्यांवर विश्वास ठेवू नये. जीवनवादी खांडेकरांची भाषा अलंकारांनी, सुभाषितांनी ओथंबलेली, आणि कलावादी फडक्यांच्या कित्येक कादंबऱ्यांना राजकीय चळवळींची पार्श्वभूमी. पाटी एक आणि माल दुसरा, असं दोन्हीकडे. फडक्यांना ज्यांनी 'नुसतं तंत्र' म्हणून झिडकारलं त्यांचं नुकसान जास्त झालं असं माझं मत आहे. प्रसंग कुठे तोडायचा, माहिती कधी रोखून धरायची, हे जीवनवाद्यालाही शिकावंच लागतं.

तुमची दुसरी आवृत्ती, सजवलेली, का पडली असावी? बहुधा एका कडव्यात तीन प्रतिमा आल्या असणार: नदी म्हणजे नागीण, मग नदी म्हणजे रुसलेली आई, मग नदी म्हणजे काळरात्र. प्रत्येक वेगवेगळी बरी, पण एकत्र आल्या की वाचकाला नदीच दिसत नाही. एका कडव्यात एक प्रतिमा पुरे, आणि ती ज्या गावात कविता घडते त्या गावात सापडणारी हवी. दुसरी चूक बोलीची. ओळीच्या शेवटी 'रं', 'गं', 'जी' चिकटवून ग्रामीणपणा येत नाही. 'म्हशी वैरणीला तोंड लावीनात' या क्रियापदात जितकी शेतघराची माहिती आहे तितकी दहा 'रं'मध्ये नाही. बोली क्रियापदात आणि नामात असू द्या, शेपटीत नको.

छंदाचा प्रश्न थोडा सावकाश घेऊ, कारण संदेश कुठे बसवायचा हे पुष्कळदा छंदच ठरवतो. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार खंड असतात, यमक दुसऱ्या-तिसऱ्या खंडात. तो चार अक्षरांचा शेवटचा तुकडा अपुरा पडल्यासारखा वाटतो, ऐकणारा क्षणभर अधांतरी राहतो, आणि बोल तिथे लागतो. सरळ उपदेश किंवा सरळ खडसावणी करायची असेल तर याच्यासारखं घर नाही:

रेषेच्या आतला । विकलास मळा ।
आता का रे गळा । दाटून ये ॥

इथे संदेश उघड आहे, बोट रोखलेलं आहे, तरी ते भाषण वाटत नाही, कारण 'हे मानवा' ऐवजी मळा विकणारा एकच माणूस समोर आहे आणि बोलणाऱ्याचा आवाज ओळखीचा आहे. अक्षरं मोजताना एकच पथ्य पाळा: संख्या भरायला 'हा', 'तो', 'बघ', 'अहा' असे भरतीचे शब्द घालू नका. सहाच्या जागी पाच आली तर वाक्यच बदला. भुजंगप्रयातात, म्हणजे बारा अक्षरांच्या चार 'य' गणांत (प्रत्येक गण लघु-गुरु-गुरु), हा भरतीचा धोका आणखी मोठा, कारण लय इतकी गुळगुळीत की पोकळ ओळही खणखणीत वाजते. लय लागली म्हणून ओळ ठेवली, असं होऊ देऊ नका. मुक्तछंदात उलटं होतं: कुठेही ओळ तोडता येते म्हणून गद्य वाक्यं उभी कापली जातात. ओळ तोडल्याने अर्थात किंवा श्वासात फरक पडत नसेल तर ती ओळ जोडून टाका.

पोवाड्याला ही सगळी पथ्यं तशीच लावू नका. तिथे संदेश आधी, आणि त्यात कमीपणा काही नाही. मैदानात ऐकणारा मागची ओळ परत वाचू शकत नाही, म्हणून एका ओळीत एकच कृती, कर्ता सुरुवातीला, क्रियापद शेवटी. झीलकरी, म्हणजे शाहिराच्या मागे साथ धरणारे, शेवटचा शब्द उचलतात तेव्हा तो शब्द उचलण्याजोगा हवा. 'वाढलं' उचलता येतं, 'परिणामस्वरूप' उचलता येत नाही. मुख्य बोल गाण्यात दडवू नये, डफ आणि तुणतुणं थांबवून कथनात सरळ सांगावा. थांबलेल्या वाद्यामुळेच मैदान गप्प होतं. सौंदर्य दाखवायला कटाव आहे, म्हणजे भरभर म्हणायची अनुप्रासांची लड. पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांची नावं एका दमात घेऊन बघा, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. चारही ईकारान्त, कटावासाठी घडवल्यासारखी. दुसऱ्या दमात चिखली, आंबेवाडी घ्या. पुराची बातमी आली की पहिल्यांदा हीच गावं तोंडी येतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला नकाशा समजावावा लागत नाही.

आता चित्रकार मित्र. त्याचा धोका तुमच्या नेमका उलटा आहे. तुमच्याकडे संदेश सौंदर्याला खातो, त्याच्याकडे सौंदर्य संदेशाला खाईल. उंचावरून घेतलेल्या पुराच्या फोटोत उन्हं पाण्यावर चमकतात, छपरांची नक्षी दिसते, आणि बघणारा 'वा!' म्हणतो. बुडालेल्या गावाला 'वा!' मिळत असेल तर चित्र चुकलं. पहिली दुरुस्ती रंगाची. पुराचं पाणी निळं नसतं. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अगदी थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे तो मातकट चहाचा रंग येतो. जलरंगात हे तिन्ही कागदावर जास्त घोळवले की चिखल होतो, म्हणून ऑकरचा वॉश, म्हणजे पातळ थर, वाळू द्या आणि मगच दुसरा हात द्या. दुसरी दुरुस्ती नजरेच्या पातळीची. पुरात माणूस माळ्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असतो, त्यामुळे रस्ता वरून दिसायला हवा. रस्त्यावर उभं राहून काढल्यासारखा पूर काढला की चित्रकार तिथे नव्हता हे लगेच कळतं. तिसरी, रडणारा चेहरा टाळा. रस्त्यावरचा दिव्याचा खांब पाण्यावर तीन फूट उरलेला दाखवला की पाणी किती खोल आहे हे बघणारा स्वतः मोजतो. हे मोजणंच त्याला हलवतं.

या गोष्टीला कोल्हापुरात परंपराही आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. विषय शेतकऱ्याच्या पिळवणुकीचा, म्हणजे संदेश पक्का. पण बघणाऱ्यांच्या आठवणीत राहिली ती अंधुक उजेडातली झोपडी आणि केकाटणारं कुत्रं. मूकपटात आवाज नसताना ते केकाटणं लक्षात राहिलं, हे विशेष. माधवराव बागल चित्रकलाही जाणणारे आणि चळवळीतलेही. बिंदू चौकातले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे त्यांच्याच पुढाकाराने १९५० मध्ये बसले, आंबेडकरांचा तर त्यांच्या हयातीत. चौकातल्या पुतळ्याला वेगळीच मोजपट्टी लागते: लांबून ओळख पटली पाहिजे, खालून बघताना हनुवटीने चेहरा झाकता कामा नये. तिथे संदेश जागेतच असतो, तो पुतळा कुठे उभा आहे यात.

आणि काही कलाकृतींना संदेश विचारूच नये. आबालाल रहिमानांनी काढलेल्या कोल्हापूरच्या कोटितीर्थ-रंकाळा तळ्यांच्या निसर्गचित्रांत सकाळ-संध्याकाळचा उजेड आहे, बस. गंमत अशी की जलपर्णीने भरलेला रंकाळा बघितल्यावर त्याच चित्रात आपल्याला तक्रार दिसू लागते. ती चित्रकाराने ठेवलेली नाही, काळाने ठेवली. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात छताच्या जागी गोल मोकळं आकाश आहे, आणि खाली 'वर पाहा' असं कुणाला लिहावं लागलं नाही. म्हणून तुमच्या वहीतल्या एखाद्या कवितेत नुसता पाऊस असेल तर तीत पर्यावरण घुसडू नका.

कविता बाहेर पाठवण्याआधी एवढं करा. पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीपुढे 'दिसतं', 'ऐकू येतं' किंवा 'मत' असं लिहा. सोळा ओळींत मतं तीनच्या वर गेली की कविता भाषणाकडे सरकलीय. मग विशेषणांना गोल करा आणि एकेक काढून वाचा. काढल्यावर काही हललं नाही तर परत घालू नका. त्यानंतर शीर्षक न सांगता कविता दोघांना ऐकवा, एक कविता वाचणारा आणि एक कधीच न वाचणारा, आणि 'आवडली का?' असं विचारू नका, 'काय झालं यात?' असं विचारा. दोघांनी घटना सांगितली आणि त्यातला एक जण थोडा अस्वस्थ झाला, तर मागच्या बाजूला लिहिलेलं वाक्य पोचलं. दोघांनीही 'पर्यावरणाचं महत्त्व' म्हणून सांगितलं तर पुन्हा गोठ्यात जा, म्हशींपाशी.

तुमच्या हातात आता दोन गोष्टी आहेत, मुक्तछंदातला तुकडा आणि अभंग. मुक्तछंद दिवाळी अंकाला द्या, तिथे वाचक थांबून वाचतो. अभंग संमेलनात म्हणा, चौथ्या खंडानंतर एक श्वास थांबून. गावात भिंतीवर काही रंगवायचं असेल तर अभंगाचे हे चारच खंड घ्या आणि मित्राचा दिव्याचा खांब शेजारी काढा, पुराच्या पाण्याची खरी खूण जिथे उमटली असेल त्या उंचीवर. अक्षरांचा ढोबळ हिशोब दहा फुटांना एक इंच असा धरतात. रस्ता तीस फुटांवर असेल तर अक्षर तीन इंचांपेक्षा लहान नको, आणि ओळी पाण्याच्या खुणेच्या वर लिहा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात धुऊन जातील.